याकोब (नव्या करारातील समनाम व्यक्ती)

याकोब : नव्या करारात (बायबलच्या ख्रिस्ती उत्तरभागात) अनेक व्यक्तींना असलेले नाव. इस्राएलाच्या बारा वंशांचा मूळपुरुष याकोब याच्यामुळे ते यहुदी समाजात रूढ झाले. आडनावे नसल्याने ओळख पटवण्यासाठी बापाचे, भावाचे किंवा मुलांचे नाव जोडत. क्वचित एखादे विशेषण. अशी जोड जेथे नाही तेथे वाद उत्पन्न होतो.

जब्दीचा मुलगा याकोब याच्याबाबत संदेह नाही. तो गालीलचा मासेमार, योहानाचा भाऊ व येशूच्या बारा प्रेषितांपैकी (निवडक शिष्यांपैकी) एक. यहुदी राजा हेरोद अग्रिप्पा (पहिला) याने त्याला तलवारीने मारवले (प्रेषितांची कृत्ये १२:२). अग्रिप्पा इ. स. ४४ मध्ये वारला, म्हणून ही घटना त्याच सुमाराची किंवा थोडी आधीची असावी.

अल्फीचा मुलगा याकोब केवळ प्रेषितांच्या याद्यांत आढळतो. मार्क १५:४० मधील ‘धाकटा याकोब’ तोच, हे मत जुने असले तरी ते अनुमानच आहे. तेथील मूळ ग्रीक विशेषणाचा अर्थ ‘ठेंगणा’ असाही होऊ शकतो. या धाकट्या याकोबाची आई मरीया. योहान १९:२५ मध्ये येशूच्या क्रुसाजवळ ‘क्लोपाची मरीया’ उभी आहे. या दोघी एकच मानल्या, तर अल्फी व क्लोपा हेही एकच ठरवावे लागतात. दोन्ही नावे ‘हल्फै’ या अरामी नावाची ग्रीक रूपे असल्याचे सांगितले जाते. आरंभीचा कंठ्य वर्ण ग्रीकमध्ये कधी लोप पावतो, कधी ‘क’कारसदृश होतो, हे खरे, परंतु ‘क्लो’मधील स्वराचे स्थान त्याने उलगडत नाही. पेशित्ता या बायबलच्या सिरियाक भाषांतरातही ही नावे वेगवेगळी लिहिली आहेत, आणि सिरियाक ही अरामीचीच शाखा असल्याने या साक्षीला वजन द्यावे लागते.

‘प्रभूचा’ म्हणजे येशूचा ‘भाऊ’ याकोब (गलती १:१९) हा जेरुसलेम येथील मंडळीचा प्रमुख. त्याला अल्फीच्या मुलाशी एक मानण्याचा पक्ष चर्चचा विद्वान जेरोम याने इ. स. ३८३ च्या सुमारास समकालीन लेखक हेल्व्हिडियस याच्या विरोधात मांडला. त्यानुसार येथे ‘भाऊ’ म्हणजे मावसभाऊ. चौथ्या शतकातील बिशप एपिफेनियस याच्या मते हे भाऊ येशूच्या आईचा पती योसेफ याच्या आधीच्या विवाहातील, तर हेल्व्हिडियसच्या मते येशूची आई मरीया हिचीच पुढची मुले. शेवटच्या दोन मतांतील निवड धर्मसिद्धांताशी निगडित आहे. जेरोमचे समीकरण मात्र ग्रंथांतर्गत पुराव्यावर टिकणे कठीण दिसते. योहान ७:५ नुसार येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. प्रेषितांची कृत्ये १:१३-१४ मध्ये अल्फीचा मुलगा अकरा जणांत मोजला आहे व भाऊ त्यानंतर वेगळे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक हेगेसिपसही याकोबाला प्रभूचा भाऊ म्हणतो आणि त्याच्यामागून मंडळीचा प्रमुख झालेल्या क्लोपाच्या मुलाला, शिमोनाला, चुलतभाऊ. या याकोबाला दगडमार करवल्याचे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस सांगतो; रोमन सुभेदार फेस्त याच्या मृत्यूचा संदर्भ असल्याने इ. स. ६२ हे वर्ष बहुधा ग्राह्य ठरते.

लूक ६:१६ मध्ये यहूदा प्रेषिताशी जोडलेला याकोब व मत्तय १:१६ मधील योसेफाचा पिता यांची केवळ नावे उरली आहेत. ‘याकोबाचे पत्र’ परंपरेने प्रभूच्या भावाचे. मजकुरात लेखक स्वतःला फक्त ‘सेवक’ म्हणवतो.

२००२ मध्ये ‘याकोब, योसेफाचा मुलगा, येशूचा भाऊ’ असा अरामी लेख असलेली दगडी अस्थिपेटी जगापुढे आली. इस्राएलच्या पुरातत्त्व प्राधिकरणाने २००३ मध्ये लेख बनावट ठरवला. २०१२ मध्ये न्यायालयाने बनावटगिरी सिद्ध झाली नाही असे म्हटले, पण लेख अस्सल आहे असा निर्वाळाही दिला नाही. तो अस्सल मानला तरी तिन्ही नावे त्या काळी अतिपरिचित होती, म्हणून ओळखीच्या प्रश्नात हा पुरावा दुय्यमच समजावा.

चर्चच्या पंचांगांतही हा मतभेद उतरला आहे. रोमन कॅथलिक चर्च जब्दीच्या मुलाचा सण २५ जुलैला पाळते व अल्फीचा मुलगा आणि प्रभूचा भाऊ यांना एक धरून ३ मे हा दिवस देते. बायझंटाइन (पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स) परंपरेत अल्फीच्या मुलाचा ९ ऑक्टोबर व प्रभूच्या भावाचा २३ ऑक्टोबर असे स्वतंत्र सण आहेत.