जंतुनाशके, पूतिरोधके व प्रतिजैविके : प्रयोगशाळेतील परीक्षण

एखादे द्रव्य जीवाणूंना मारते की नुसती त्यांची वाढ थोपवते, आणि त्यासाठी त्याची किती संहती (द्रावणातील प्रमाण) व किती वेळ लागतो, हे ठरावीक परिस्थितीत मोजून पाहण्याच्या पद्धती या नोंदीत दिल्या आहेत. तिन्ही गटांची कामे निराळी आहेत. जंतुनाशके फरशी, उपकरणे, पाण्याच्या टाक्या अशा निर्जीव वस्तूंसाठी असतात. पूतिरोधके त्वचेवर, जखमेवर किंवा श्लेष्मल पटलावर लावतात. प्रतिजैविके बहुधा पोटातून किंवा रक्तावाटे संसर्गाच्या जागी पोचतात. जंतुनाशकाने काही मिनिटांत, पूतिरोधकाने पुष्कळदा अर्ध्या मिनिटातच जीवाणू मारावेत अशी अपेक्षा असते. प्रतिजैविकाला मात्र रक्तात टिकू शकणाऱ्या अत्यल्प संहतीत तासन्‌तास वाढ रोखून धरायची असते. उरलेल्या जीवाणूंचा समाचार शरीराची प्रतिकारशक्ती घेते. त्यामुळे एका गटासाठी बसवलेली चाचणी दुसऱ्याला लावली की उत्तर चुकते. ७०% अल्कोहॉल त्वचेवरचे बहुतेक जीवाणू अल्पावधीत मारते, पण त्यात भिजवलेली कागदी चकती जीवाणू पसरलेल्या आगरवर (जेलीसारख्या पोषक माध्यमावर) ठेवली तर अल्कोहॉल उडून जाते आणि चकतीभोवती वलय, म्हणजे जीवाणू न वाढलेला गोल पट्टा, जवळजवळ उमटतच नाही. क्लोरहेक्सिडीन व चतुर्थक अमोनियम संयुगे ही जंतुनाशक द्रव्ये आगरला चिकटतात, म्हणून त्यांचीही वलये लहान दिसतात. अशा वलयांवरून हात स्वच्छ करण्याच्या द्रावांची क्रमवारी लावणे हा शाळा-महाविद्यालयांच्या प्रकल्पांतला लोकप्रिय प्रयोग असला, तरी त्यातून त्या द्रावांच्या कामाबद्दल फारसे कळत नाही.

जंतुनाशकांच्या शास्त्रीय परीक्षणाचा आरंभ रॉबर्ट कॉख यांच्या १८८१ मधील प्रयोगांपासून मानतात. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत कार्बॉलिक आम्ल (फिनॉल) वापरल्याचे अनुभव प्रसिद्ध केले होते आणि ते सर्वसमर्थ आहे असा समज रुजत होता. कॉख यांनी रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सच्या जीवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपे) वाळवले, ते धागे निरनिराळ्या द्रावांत मोजक्या काळासाठी बुडवले आणि मग पोषक माध्यमावर ठेवून वाढ होते का ते पाहिले. बीजाणूंपुढे कार्बॉलिक आम्ल दुबळे ठरले. तेलात किंवा अल्कोहॉलात विरघळवले तर ते निष्प्रभच होते. मर्क्युरिक क्लोराइड मात्र अत्यंत पातळ द्रावणातही विलक्षण प्रभावी दिसले.

हा दुसरा निष्कर्ष पुढे कोसळला. धाग्याला चिकटून थोडा पारा माध्यमात जात होता आणि तिथे तो बीजाणूंना उगवू देत नव्हता. १८८९ मध्ये गेपर्ट यांनी अमोनियम सल्फाइड घालून हा उरलेला पारा अवक्षेपित केला (न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपात वेगळा पाडला), तेव्हा मेलेले समजलेले बीजाणू पुन्हा वाढू लागले. वाढ दिसली नाही म्हणजे जीवाणू मेले, असे म्हणता येत नाही, हे या एका बदलाने सिद्ध झाले. या विषयातला सर्वांत मोलाचा धडा हाच, असे म्हणायला हरकत नाही. आजच्या प्रत्येक चांगल्या चाचणीत संपर्काचा वेळ संपताक्षणी निष्प्रभावक, म्हणजे द्रव्याचे काम थांबवणारा पदार्थ, मिसळतात: क्लोरीन व आयोडिनासाठी सोडियम थायोसल्फेट, चतुर्थक अमोनियम संयुगे व क्लोरहेक्सिडीन यांच्यासाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८०, ग्लुटराल्डिहाइडसाठी ग्लायसीन. निष्प्रभावक स्वतः जीवाणूंना अपाय करत नाही आणि द्रव्याला खरोखर थांबवतो, हे दोन्ही वेगळ्या नियंत्रण चाचण्यांनी दाखवावे लागते. ही नियंत्रणे नसतील तर चाचणीच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

जीवाणू एका क्षणी सगळे मिळून मरत नाहीत. क्रोनिग व पॉल यांनी १८९७ मध्ये आणि हॅरिएट चिक यांनी १९०८ मध्ये दाखवले, की सर्वसाधारणपणे सारख्या कालखंडात उरलेल्यांपैकी सारखाच हिस्सा नष्ट होतो. एका मिनिटात ९०% मेले, तर दुसऱ्या मिनिटात उरलेल्या १०% पैकी ९०% मरतात. प्रत्यक्षात ही रेषा नेहमी सरळ येत नाही, आरंभी किंवा शेवटी ती वाकते, पण निकाल टक्क्यांऐवजी दहाच्या पटीतील घटीत सांगण्याची प्रथा यातूनच आली. बाटलीवरचे ‘९९.९%’ ऐकायला जवळजवळ पूर्ण वाटते. १० लाख जीवाणूंपैकी तेवढे मेले तरी १,००० जिवंत राहतात. एक लाख पट घट झाली तर १० उरतात.

वेळ आणि संहती यांचे नाते तर द्रव्यागणिक बदलते. फिनॉलाची संहती निम्मी केली तर तेवढाच परिणाम साधायला सुमारे ६४ पट वेळ लागतो, कारण त्याचा विरलन घातांक (पातळ केल्यावर लागणारा वेळ किती वाढतो ते सांगणारा आकडा) सुमारे ६ आहे, म्हणजे वेळ २ च्या सहाव्या घाताइतक्या पटीने वाढतो. चतुर्थक अमोनियम संयुगांसाठी तो १ च्या आसपास असल्याने साधारण दुप्पट वेळ पुरतो. अंदाजाने पाणी घालून पातळ केलेले फिनॉलयुक्त जंतुनाशक का फसते, याचे उत्तर या घातांकात आहे.

१९०३ मध्ये रिडील व वॉकर यांनी फिनॉल गुणांकाची पद्धत मांडली. टायफॉइडच्या जीवाणूंना ७.५ मिनिटांत मारणारे पण ५ मिनिटांत न मारणारे द्रव्याचे विरलन घ्यायचे आणि त्याला तशाच फिनॉलाच्या विरलनाने भागायचे. द्रव्य १,००० पट आणि फिनॉल १०० पट पातळ असताना असा परिणाम दिसला, तर गुणांक १०. आकडा सुटसुटीत होता, म्हणून व्यापारात तो चटकन रुळला. पण त्यात एकच जीवाणू होता, फिनॉलवर्गाबाहेरच्या द्रव्यांशी तुलना निरर्थक होती आणि मळाचा विचार नव्हता. चिक व मार्टिन यांनी १९०८ मध्ये मिश्रणात वाळवलेली विष्ठा घालून पाहिली (नंतरच्या काळात तिच्या जागी यीस्ट आले), तेव्हा अनेक द्रव्यांचे गुणांक घसरले.

आजच्या चाचण्या पायरीपायरीने वास्तवाकडे नेतात. पहिली पायरी निलंबन (द्रवात तरंगणाऱ्या जीवाणूंच्या) चाचणीची: मोजलेले जीवाणू, मळाची जागा घेणारे गोवंशीय अल्ब्युमीन, कठीण पाणी आणि द्रव्य एकत्र करून ठरल्या वेळी नमुना काढतात. ईएन १२७६ या युरोपीय मानकात स्यूडोमोनास एरुजिनोसा, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, ई. कोलाय व एंटरोकॉकस हायरी यांच्या संख्येत किमान एक लाख पट घट अपेक्षित असते. अल्ब्युमीन स्वच्छ परिस्थितीसाठी लिटरला ०.३ ग्रॅम, तर मळकट परिस्थितीसाठी ३ ग्रॅम घालतात. या दहापट फरकाने क्लोरीनयुक्त द्रव्यांची खरी कसोटी लागते, कारण प्रथिने क्लोरीन खाऊन टाकतात.

पुढची पायरी पृष्ठभागाची. स्टीलच्या चकतीवर किंवा नळकांड्यावर वाळलेले जीवाणू द्रवात तरंगणाऱ्यांपेक्षा चिवट असतात, म्हणून निलंबन चाचणीत उत्तीर्ण झालेले द्रव्य इथे नापास होऊ शकते. हातांसाठीच्या द्रावांची चाचणी थेट माणसांच्या हातांवर होते: ईएन १५०० मध्ये स्वयंसेवकांचे हात ई. कोलायच्या निरुपद्रवी वाणात बुडवतात आणि घट ६०% प्रोपेन-२-ऑलने साधलेल्या घटीशी ताडून पाहतात. कोणत्याही दाव्याची व्याप्ती तपासलेल्या जीवाणूंपुरतीच धरायची असते. अल्कोहॉल बीजाणू मारत नाही आणि क्षयाचे जीवाणू त्यांच्या मेणचट आवरणामुळे अनेक द्रव्यांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचण्या आहेत.

प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र वलय खरोखर कामाचे ठरते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२९ च्या आपल्या लेखात आगरमध्ये चर खणून त्यात पेनिसिलिनयुक्त द्रव भरला होता आणि चराला काटकोनात निरनिराळ्या जीवाणूंच्या रेघा ओढल्या होत्या. संवेदनशील जीवाणूंची रेघ चरापासून दूरच थांबे. यातलेच विसरणाचे (औषध आगरमध्ये आपोआप पसरत जाण्याचे) तत्त्व पुढे चकती पद्धतीत वापरले गेले, पण तिच्या निकालांत बराच काळ मेळ नव्हता. बाउअर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी १९६६ मध्ये ती प्रमाणित केली.

या प्रमाणीकरणातला प्रत्येक आकडा कारणासहित आहे. जीवाणूंचे निलंबन ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचे प्रमाणित माप) इतके गढूळ, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १५ कोटी जीवाणू, असे जुळवतात. दाट झाले तर वलय आक्रसते. म्युलर-हिंटन आगर या ठरावीक माध्यमाचा थर सुमारे ४ मिमी हवा, कारण जाड थरात औषध खालीही पसरते आणि वलय खोटेच लहान होते. माध्यमात थायमिडीन जास्त असेल तर ट्रायमेथोप्रिम व सल्फा औषधे निष्प्रभ भासतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी-जास्त झाले तर स्यूडोमोनासवरील अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविकांची वलये बदलतात. बश्या ३५° से. च्या आसपास १६ ते १८ तास ठेवतात आणि सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ सारखा ओळखीचा वाण लावतात. त्याचे वलय ठरल्या मर्यादेबाहेर गेले, तर त्या तुकडीचे रुग्णांचे निकाल द्यायचे नसतात.

वलय मोठे म्हणजे औषध जबर, हा समज चुकीचा आहे. प्रत्येक रेणू आगरमध्ये वेगळ्या गतीने पसरतो, म्हणून एका औषधाचे १८ मिमी आणि दुसऱ्याचे २५ मिमी यांची थेट तुलना करता येत नाही. प्रत्येक मोजमाप त्या औषध-जीवाणू जोडीच्या तक्त्याशीच पडताळतात. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा रेणू तर इतका हळू सरकतो की त्यासाठी चकती वापरूच नये, विरलन चाचणी करावी. उलट कधी वलयाचा आकारच निदान सांगतो. स्टॅफिलोकॉकसच्या बशीत एरिथ्रोमायसिनची चकती क्लिंडामायसिनच्या जवळ ठेवली आणि क्लिंडामायसिनचे वलय त्या बाजूने चपटे झाले, तर त्या जीवाणूत क्लिंडामायसिनला सुप्त रोध (औषधाला दाद न देण्याची क्षमता) आहे आणि तो एरिथ्रोमायसिनच्या सान्निध्यात जागा होतो. एकटी चकती त्याला ‘संवेदनशील’ ठरवून मोकळी झाली असती, आणि उपचार मध्येच फसू शकला असता.

संख्यात्मक उत्तर किमान निरोधक संहतीतून मिळते. नळ्यांमध्ये औषधाची दुपटी-दुपटीने बदलणारी विरलने करून प्रत्येकीत मिलिलिटरला सुमारे ५ लाख जीवाणू सोडतात. डोळ्यांना वाढ न दिसणारी सर्वांत कमी संहती ही ती किंमत. एका पायरीचा फरक पद्धतीच्या चुकीत बसतो, म्हणून १ आणि २ मिग्रॅ./लि. यांतील भेदाचा फार अर्थ लावू नये. त्या नळ्यांतून पुन्हा संवर्धन केले आणि ९९.९% जीवाणू मेल्याचे आढळले, तर ती किमान मारक संहती. रुग्णासाठी ‘संवेदनशील’ किंवा ‘रोधक’ हा शेरा या किमतीला औषधाची मात्रा, रक्तातील पातळी व रुग्णांवरचा अनुभव यांची जोड देऊन ठरवलेल्या सीमेवर अवलंबून असतो. युरोपीय समितीने, म्हणजे युकास्टने, २०१९ मध्ये ‘संवेदनशील’ व ‘रोधक’ यांच्या मधल्या ‘आय’ गटाची व्याख्या बदलून ‘वाढीव संपर्कात संवेदनशील’ अशी केली, कारण या शेऱ्याचे औषध डॉक्टर उगाच टाळत होते.

बायोफिल्ममधले जीवाणू या सर्व चाचण्यांना काहीसे चकवतात. शरीरात घातलेल्या नळ्या व कृत्रिम सांधे यांवर चिकट थरात राहणारे हे जीवाणू द्रवात वाढवलेल्या त्याच वाणापेक्षा कितीतरी पट जास्त संहती सहन करतात, आणि त्यांच्यासाठी वेगळी उपकरणे वापरावी लागतात.

प्रत्यक्ष वापरातल्या बादलीची चाचणी सर्वांत साधी आहे. केल्सी व मॉरर यांच्या १९६६ च्या पद्धतीत वापरून झालेल्या जंतुनाशकाचा १ मिलि. नमुना निष्प्रभावक असलेल्या ९ मिलि. द्रवात मिसळतात आणि त्याचे ०.०२ मिलि.चे दहा-दहा थेंब दोन बश्यांवर टाकतात. एक बशी ३७° से. वर तीन दिवस, दुसरी खोलीच्या तापमानाला सात दिवस. कोणत्याही बशीवर पाचाहून जास्त वसाहती आल्या तर ते द्रावण नापास ठरते. दुसरी बशी आळसाने वगळू नये: स्यूडोमोनाससारखे जीवाणू थंड जागीही निवांत वाढतात, जंतुनाशकात तग धरण्याबद्दल ते कुप्रसिद्ध आहेत, आणि अर्धमेल्या पेशींना सावरायला सात दिवस मिळतात. द्रावण नापास झाले तर आधी विरलन कोणी व कसे केले, ते किती दिवसांचे आहे आणि भांडे रिकामे करून धुतले जाते की नुसते वरून भरले जाते, हे तपासतात.