लेबल गेलेल्या दोन तबकड्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा आजोबांची रेकॉर्डींची पेटी पाण्याखाली गेली. लाखेच्या तबकड्या धुऊन पुसून उभ्या केल्या तर बऱ्याचशा धड निघाल्या, पण लेबलं सुटून गेली होती. त्यांतल्या दोन ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या. पद एकच, ‘प्रेमसेवा शरण’. एक दीनानाथ मंगेशकरांची, दुसरी अब्दुल करीम खाँसाहेबांची. कुठली कुणाची, हे मात्र बघून कळायला मार्ग उरला नव्हता.

‘मानापमान’ १९११ चं. लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर मूळचे सांगलीचे. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, त्याच गावचे. त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांत साकी-दिंडीसारख्या साध्या पारंपरिक छंदांचा रिवाज होता. गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’साठी ठुमरी-कजरी या उत्तरेकडच्या गानप्रकारांच्या अंगाच्या चाली आणल्या आणि नाटकातलं गाणं मैफलीच्या जवळ गेलं. नायिका भामिनी होते बालगंधर्व. वन्समोअर मिळत गेला की एकेक पद कितीतरी वेळ रंगायचं.

रेकॉर्डवर मात्र जागा तीन-साडेतीन मिनिटांची. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, त्यानंतर ग्रामोफोन कंपन्यांनी इथल्या गायकांना गाठायला सुरुवात केली. विसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत मायक्रोफोन नव्हताच. गवयाने भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाने भोंग्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि सुई मेणात रेघ कापायची. हलायचं नाही, चुकायचं नाही, चुकलं तर पहिल्यापासून. रंगमंचावर प्रेक्षकांकडे बघत, त्यांची दाद झेलत गाणाऱ्या नटाला ते किती परकं वाटलं असेल! म्हणून मूळ संचातल्या नटाची रेकॉर्ड हाती आली तरी तो नाटकाचा प्रयोग नव्हे, हे मी ऐकताना कायम मनाशी धरतो. समोरचं पात्र नाही, संवाद नाही, आलापीला उसंत नाही. उरतो तो आवाज आणि चालीचा सांगाडा. पण तेवढंही नसतं, तर भामिनीचं ‘नाही मी बोलत नाथा’ आपल्याला फक्त म्हाताऱ्या माणसांच्या वर्णनातून माहीत असतं.

दीनानाथ मंगेशकर १९११ च्या संचातले नव्हेत. त्यांची बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी १९१८ ची. पुढे त्यांनी सांगलीत बिऱ्हाड केलं. ‘मानापमान’चा नायक धैर्यधर करताना त्यांनी टेंब्यांच्या चाली जशाच्या तशा ठेवल्या नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण त्यातच आहे. ‘प्रेमसेवा शरण’ मूळ भीमपलास रागात. दीनानाथांनी ते मुलतानी रागात नेलं. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले, नाटकातले नट नव्हेत, किराणा घराण्याचे ख्याल गाणारे गवई. त्यांनी तेच पद रेकॉर्डवर गायलं ते भीमपलासात. मैफलीच्या चिजांवरून बेतलेली चाल अशी पुन्हा मैफलीच्या गवयाकडे आली. नाटक लिहिणारा सांगलीचा, गाणारा एक सांगलीत, दुसरा दोन-अडीच कोसांवर मिरजेत; माझ्यासारख्या इथल्या माणसाला याचा अभिमान वाटतो.

मागच्या दिवाळीत एका ओळखीच्यांकडे चावीचा फोनो मिळाला. नवी पिन लावून पहिली तबकडी ठेवली. खरखर बरीच होती, पण पहिल्याच ओळीत कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम स्वच्छ लागले. भीमपलासात हे दोन्ही स्वर नाहीत, मुलतानीत आहेत. मागच्या बाजूला पांढऱ्या खडूने ‘दी.’ लिहिलं आणि दुसरी तबकडी लावली.