डेलावेअर विद्यापीठातल्या १,८५० खोक्यांची पार्श्वभूमी

जो बायडेन यांनी आपले सिनेटमधले, म्हणजे खासदारकीच्या काळातले, कागद डेलावेअर विद्यापीठाला देऊ केले तेव्हा २०११ साल होते आणि ते उपराष्ट्रपती होते. हे त्यांचे स्वतःचे विद्यापीठ, १९६५ची पदवी तिथलीच. पुढच्या वर्षी ग्रंथालयाच्या ताब्यात १,८५० हून जास्त खोकी आणि ४१५ गिगाबाइट डिजिटल मजकूर आला. १९७३ ते २००९ अशी ही सिनेटमधली छत्तीस वर्षे. ही खोकी अजून कुणा अभ्यासकाला वाचायला मिळण्याआधीच दोन न्यायालये आणि केंद्रीय तपास यंत्रणा यांचे पाय तिकडे वळले. का, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेत खासदाराच्या कार्यालयातले कागद त्याची खासगी मालमत्ता मानले जातात. पगार सरकारी, कर्मचारी सरकारी, टेबल-खुर्ची सरकारी. पण कपाटातली फाइल साहेबांची. राष्ट्राध्यक्षांचेही पूर्वी असेच होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या वॉटरगेट प्रकरणानंतर संसदेने १९७८मध्ये कायदा केला आणि १९८१पासूनच्या राष्ट्राध्यक्षांचे कागद देशाचे ठरवले. हाच नियम खासदारांनी स्वतःला मात्र लावला नाही. २००८मध्ये एक ठराव झाला, त्यात सदस्यांनी आपले कागद नीट जपावेत अशी नुसती अपेक्षा आहे. जाळले तरी कुणी विचारणारे नाही.

खासदाराने ते विद्यापीठाला द्यायचे ठरवलेच, तर अटी त्याच्या. आपल्याकडे ज्याला बक्षीसपत्र म्हणतो तसा करार होतो: काय दिले, कुणी बघायचे, कधी उघडायचे. एके काळी अशा देणगीवर करसवलतही मिळे. १९६९मध्ये ती बंद झाली, आणि निक्सन यांचे बक्षीसपत्र ती सवलत मिळावी म्हणून मागची तारीख घालून केलेले निघाले. तेव्हापासून या कागदावरच्या तारखांकडे लोक जरा बारकाईने बघतात.

एक गल्लत इथेच दूर केलेली बरी. खासदाराचे कागद वेगळे आणि समितीचे वेगळे. बायडेन १९८७ ते १९९५ न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. १९९१ची क्लॅरेन्स थॉमस यांच्या सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीची ती गाजलेली सुनावणी त्याच काळातली. समितीचे दप्तर सभागृहाचे असते आणि राष्ट्रीय अभिलेखागारात जाते, सिनेटच्या बाबतीत साधारण वीस वर्षांनी खुले होते. तेव्हा डेलावेअरच्या खोक्यांत सगळेच सापडेल, या समजुतीला फारसा आधार नाही.

आता मूळ भांडणाकडे. ते एका शब्दाचे आहे.

२०१९च्या वसंतापर्यंत ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचा मजकूर सांगत होता की बायडेन सार्वजनिक ‘पदावरून’ निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी संग्रह उघडेल. एप्रिलमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली आणि त्याच सुमारास ‘पद’ जाऊन तिथे ‘सार्वजनिक जीवन’ आले. पद कधी सुटते हे दिनदर्शिका सांगते. उपराष्ट्रपतिपद २० जानेवारी २०१७ला सुटले होते, म्हणजे दोन वर्षे २०१९च्या जानेवारीतच भरली होती. सार्वजनिक जीवन कधी सुटते? मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे सत्तरीतला नेता राजकारण संन्यासाची घोषणा करतो आणि पुढच्या महिन्यात सहकारी कारखान्याच्या प्रचाराला उभा असतो. सार्वजनिक जीवनातून माणूस खऱ्या अर्थाने जातो तो शोकसभेत. ज्याने हा शब्द निवडला त्याला भाषा चांगली येत होती, एवढे म्हणता येते.

२०२०मध्ये १९९३ सालच्या एका जुन्या कर्मचारी महिलेने लैंगिक अत्याचाराचा आरोप केला, बायडेन यांनी तो साफ नाकारला, आणि लगोलग खोकी उघडा अशी मागणी झाली. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी तिथे नसतातच, असे त्यांचे उत्तर होते. पाठोपाठ माहिती अधिकाराचे अर्ज आले. डेलावेअरचा हा कायदा राज्याकडून काही पैसा मिळणाऱ्या या विद्यापीठाला बराचसा वगळतो; विश्वस्तांच्या बैठका आणि सार्वजनिक पैशाच्या खर्चाशी संबंधित कागद तेवढे खुले. अर्ज फेटाळले गेले. २०२१च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण खाली परत पाठवले: वकिलाने शपथेविना ‘आमचे असे म्हणणे आहे’ सांगून भागत नाही, शपथेवर सांगा. विद्यापीठाने प्रतिज्ञापत्र दिले की या संग्रहावर राज्याचा पैसा खर्च झालेला नाही. ते ग्राह्य धरले गेले, आणि २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निकाल विद्यापीठाच्या बाजूने कायम ठेवला. ‘सार्वजनिक जीवन’ म्हणजे काय, हा प्रश्न या सगळ्यात कुणी न्यायाधीशासमोर सोडवलाच नाही.

विद्यापीठाच्या बाजूनेही एक खरी अडचण आहे. खासदाराच्या कागदांत मतदारसंघातल्या साध्या माणसांची पत्रे असतात: पेन्शन अडली, मुलाचा व्हिसा अडला, नवऱ्याचे लष्करी रेकॉर्ड हरवले. ती पत्रे जशीच्या तशी उघडणे म्हणजे त्या माणसांचा विश्वासघात. म्हणून जाणते ग्रंथपाल अशा फायली वेगळ्या काढून दीर्घकाळ बंद ठेवतात. त्यासाठी अख्खा संग्रहच कुलूपबंद ठेवावा लागतो का, हा मात्र दुसरा प्रश्न.

२०२३च्या सुरुवातीला तपास यंत्रणेने बायडेन यांच्याच संमतीने विद्यापीठात झडती घेतली. सिनेटच्या जुन्या काळातले गोपनीय शिक्क्याचे काही कागद निघाले. विशेष तपासणी अधिकाऱ्यांच्या २०२४च्या अहवालात या कागदांवर स्वतंत्र प्रकरण आहे. खटला कुणावर झाला नाही.

२० जानेवारी २०२५ला बायडेन राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले. पद धरले तर दोन वर्षांची मोजणी त्या दिवशी सुरू झाली. जीवन धरले तर मोजणी कुठून करायची, हे बक्षीसपत्र वाचून ठरेल. अर्जदारांनी मागितलेल्या कागदांत ते बक्षीसपत्रही होते.