अभ्यासाआधीचे संगीत आणि अभ्यास करतानाचे संगीत

‘संगीताने एकाग्रता वाढते’ असे म्हणताना आपण बहुधा दोन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ करतो: काम सुरू करण्यापूर्वी ऐकलेले संगीत आणि काम चालू असताना कानांवर पडत राहणारे संगीत.

पहिल्या प्रकाराचा बोलबाला १९९३ साली झाला. फ्रान्सिस रॉशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ऑस्ट्रियन संगीतकार मोत्सार्टची दोन पियानोंसाठी रचलेली एक सोनाटा (वाद्यरचना) दहा मिनिटे ऐकवली, त्यानंतर त्यांची आकृतिज्ञानाची (आकृत्या मनात कल्पून उत्तर देण्याची) चाचणी घेतली आणि त्यात थोडी सुधारणा आढळल्याचे ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध केले. हा परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकणारा होता, आणि चाचणीच्या वेळी संगीत वाजत नव्हते. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना अभिजात संगीत पुरवण्यासाठी १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली! पुढे २००१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी उल्हसित करणाऱ्या मोत्सार्टची तुलना अल्बिनोनी या इटालियन संगीतकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संथ, उदास रचनेशी केली, तेव्हा श्रोत्यांची मनःस्थिती आणि तरतरी हिशेबात धरताच मोत्सार्टचा वरचढपणा उरला नाही. म्हणजे गुण मोत्सार्टचा नव्हता, प्रसन्न झालेल्या मनाचा होता.

दुसऱ्या प्रकारात ही प्रसन्नता फारशी कामी येत नाही. आकडे किंवा अक्षरे क्रमाने लक्षात ठेवताना आपण ती मनातल्या मनात घोकत असतो आणि बाहेरचा सतत बदलणारा आवाज नेमका या घोकण्यात व्यत्यय आणतो. निक पेरहॅम आणि जोआन व्हिझार्ड यांच्या २०११ मधील प्रयोगात आवडते आणि नावडते, दोन्ही प्रकारचे संगीत अशा कामाला सारखेच बाधक ठरले. गायन वाद्यसंगीतापेक्षा अधिक अडथळा आणते, हे त्याआधीच दिसले होते. न कळणाऱ्या भाषेतील गाणी लावून सुटका होईल असेही मानू नये, कारण १९७६ च्या एका प्रयोगात जर्मन न येणाऱ्यांचेही स्मरण कानांवर पडणाऱ्या जर्मन वाचनामुळे बिघडले होते. याच तर्काने तानपुऱ्याचा एकसारखा नाद तानांपेक्षा कमी त्रासदायक ठरावा, असे मला वाटते.

त्यामुळे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याने अभ्यासिकेकडे जाताना आवडते भावगीत जरूर ऐकावे, परंतु राज्यघटनेची कलमे पाठ करताना हेडफोन काढून ठेवावेत. वह्यांना कव्हर घालताना मात्र गाणे खुशाल चालू असू द्यावे, कारण त्या कामात घोकण्यासारखे काहीच नसते.