ठाण्याला सातशे वर्षं ओळखीचं असलेलं नाव

पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, आदल्याच दिवशी झालेला. २१ एप्रिल २०२५, सोमवार. दुपारी रोमहून बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. केंद्र सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले होते. फ्रान्सिस यांचं भारतात येणं मात्र राहूनच गेलं. तरी ठाण्यातल्या ख्रिस्ती माणसाला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं, याचं निम्मं कारण त्यांनी घेतलेल्या नावात आहे.

१३ मार्च २०१३ रोजी अर्जेंटिनाचे होर्हे बर्गोलिओ पोप म्हणून निवडून आले. मत देणाऱ्यांत आपले मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियसही होते. शेजारी बसलेल्या ब्राझीलच्या कार्डिनलांनी बर्गोलिओंना मिठी मारून सांगितलं, गरिबांना विसरू नका. त्या क्षणी त्यांना असिसीचे संत फ्रान्सिस आठवले. स्वतः येशूसंघ या धर्मसंघाचे असून त्यांनी नाव घेतलं ते दुसऱ्या संघाच्या, फ्रान्सिस्कनांच्या, गुरूचं. त्याआधी एकाही पोपने ते घेतलं नव्हतं.

ठाण्याशी या नावाचा संबंध पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन ठाण्याच्या बंदराला लागले: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रिउस. इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिश्चनांची काही घरं होती, तिथे त्यांना आसरा मिळाला. यजमान नवरा-बायकोच्या भांडणात साक्षीला म्हणून काझीपुढे जावं लागलं, तिथे गोष्ट धर्मावर घसरली, आणि एप्रिलमध्ये चौघेही मारले गेले. पुढे ओदोरिक नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्यांच्या अस्थी जहाजाने चीनला नेल्या. थॉमस यांना रोमने १८९४ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली. तलावपाळीच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चवरून रोज जाणाऱ्या ठाणेकरांपैकी फार थोड्यांना हे माहीत असेल.

ही कथा दोन धर्मांच्या वैराची म्हणून सांगणं सोपं आहे. मला ते पटत नाही. असिसीचे फ्रान्सिस १२१९ मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना, निःशस्त्र होऊन इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेले आणि सुखरूप परतले. बरोबर आठशे वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीत कैरोच्या अल-अझर या इस्लामी विद्यापीठाच्या मुख्य इमामांसोबत मानवी बंधुभावाच्या जाहीरनाम्यावर सही केली. ठाण्याची जखम या दोन भेटींच्या मधली आहे आणि ती तिथेच ठेवून पाहावी.

पोप फ्रान्सिस पदावर आल्यावर पंधरवड्यात आज्ञागुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि बारा मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुस्लीमही होते. रोमबाहेरचा पहिला दौरा इटलीच्या लाम्पेदूसा बेटाचा, समुद्रात बुडालेल्या स्थलांतरितांसाठी. चुकाही झाल्या. चिलीतल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात आपला निर्णय गंभीरपणे चुकला, हे त्यांनी २०१८ मध्ये लेखी कबूल केलं. माझ्या मनात त्यांचा आदर या कबुलीने वाढला. गाझा युद्धाच्या काळात तिथल्या एकुलत्या एका कॅथलिक चर्चला ते जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. जेवलात का, विचारत.

२६ एप्रिलला त्यांना त्यांच्या इच्छेप्रमाणे सेंट पीटर्सऐवजी रोममधल्या मारिया माज्जोरे बॅसिलिकेत पुरण्यात आलं. साध्या दगडावर लॅटिनमध्ये एकच शब्द कोरलाय: फ्रान्सिस्कुस.