दवण्याचा वास आणि कोळ्याची सुई : पुण्यातल्या चिनी उपचारांची पार्श्वभूमी

गेल्या चैत्रात मावशीच्या गुडघ्यांसाठी कोथरूडच्या एका छोट्या दवाखान्यात बसलो होतो. आतल्या खोलीतून धुराचा वास आला तशी मावशीनं मान वर केली. "अरे, दवणा जाळतायत की काय?" मी हसलो, पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. चिनी वैद्य सुयांच्या जोडीला जो वाळका पाला जाळून शेक देतात तो आणि आपण ज्योतिबाला वाहतो तो दवणा, दोघंही आर्टेमिसिया घराण्यातले. सख्खे नसले तरी चुलत नक्कीच.

समोरच्या भिंतीवर एक पत्रक होतं. मुळशीला दोन दिवसांचं निवासी शिबिर, विषय 'चिनी वैद्यक, अंतःप्रेरणा आणि निसर्गाशी आत्मिक नातं'. हजारो वर्षांचं पौर्वात्य ज्ञान वगैरे. मावशीनं ते चष्मा लावून सावकाश वाचलं आणि विचारलं, "हे सगळं चीनचंच का रे?"

या प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

सुरुवात शब्दापासूनच करू. चिनी भाषेत या उपचाराचं नाव 'झेनच्यू', म्हणजे सुई आणि शेक. 'ॲक्युपंक्चर' हा शब्द जपानमधल्या डच वखारीत काम केलेल्या विलेम टेन राइन या डॉक्टरानं १६८३ साली लॅटिनमधून जुळवला आणि त्यात शेक गळून पडला. वास्तविक शेक हा थोरला भाऊ असावा. चांग्शा शहराजवळ मावांगडुई इथं इसवी सन पूर्व १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ साली उघडली. त्यातल्या रेशमी पटांवर शरीरातल्या वाहिन्यांची वर्णनं आहेत, त्यांच्यावर शेक कुठं द्यायचा तेही आहे, सुयांचा मात्र पत्ता नाही. आपल्याकडे गावोगाव बिब्ब्याचा चटका देत, त्याच्याशी हे जवळचं वाटतं.

सुई ठसठशीत दिसते ती पुढच्या दोन शतकांत, 'ह्वांगदी नेइजिंग' या वैद्यकाच्या ग्रंथसंग्रहात. आणि तिच्याबरोबर एक गोष्ट येते, ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. फू नदीच्या काठी एक म्हातारा मासे धरत बसायचा. नावगाव कुणाला ठाऊक नाही, म्हणून लोक त्याला नुसतं 'फूचा म्हातारा' म्हणत. कुणी आजारी दिसला की तो सुई टोचून बरं करी. त्याचा शिष्य चंग काओ आणि चंग काओचा शिष्य क्वो यू. हा क्वो यू इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सांध्यावर हान राजदरबारात वैद्य होता. सम्राटानं त्याची परीक्षा घेतली. पडद्याआड एक स्त्री आणि नाजूक हातांचा एक पुरुष बसवला, दोघांचा एकेक हात बाहेर काढला आणि हा एकाच माणसाचा आजार म्हणून नाडी बघायला सांगितलं. क्वो यूनं दोन्ही मनगटं धरली आणि म्हणाला, एक नाडी स्त्रीची आहे, एक पुरुषाची, हा काय प्रकार आहे?

पण खरी गंमत पुढे आहे. गोरगरिबांना हमखास गुण देणारा हा वैद्य बड्या लोकांपुढे अपयशी ठरायचा. सम्राटानं एका प्रतिष्ठित बाईला साधे कपडे घालून, जागा बदलून त्याच्याकडे पाठवलं, तर एका सुईत गुण. मग जाब विचारला, तेव्हा क्वो यूनं सांगितलं की वैद्यक म्हणजे 'यी'. मन एकवटणं, ध्यान, हेतू, अशा अर्थांचा हा शब्द. सुई टोचताना केसभर चूक चालत नाही. समोर सत्ताधारी बसला की माझं मन भीतीनं भरतं आणि हात बिघडतो. वर त्यानं बड्यांच्या चार अडचणीही मोजून दाखवल्या. ते माझं न ऐकता स्वतःचंच चालवतात, शरीराची काळजी घेत नाहीत, त्यांच्या हाडांत औषध सोसण्याचं बळ नसतं, आणि त्यांना आराम आवडतो, कष्ट नकोत. कोणत्याही पुणेरी वैद्यानं ही यादी कागदावर लिहून दारावर चिकटवावी.

पत्रकातली 'अंतःप्रेरणा' ज्या जुन्या चिनी शब्दावर उभी करतात, तो बहुतेक हाच 'यी'. मात्र क्वो यू ज्याबद्दल बोलत होता ती आतून आपोआप उमटणारी हाक नव्हती. हाताला वर्षानुवर्षं लावलेली सवय आणि त्या क्षणीचं अवधान, एवढंच. आपले पखवाजवादक 'हात बसला' म्हणतात ना, तसं.

निसर्गाचंही असंच. 'नेइजिंग'च्या दुसऱ्या अध्यायात चार ऋतूंचे नियम आहेत. वसंतात उशिरा निजावं, लवकर उठावं, केस मोकळे सोडून अंगणात फेऱ्या माराव्यात. शरदात कोंबड्याबरोबर उठावं. हिवाळ्यात लवकर निजून सूर्य वर येईपर्यंत अंथरुणातच राहावं. वाग्भटाची ऋतुचर्या ज्यांच्या घरात बोलली जाते त्यांना यात नवल वाटणार नाही. पण त्याच ग्रंथात शरीराला राज्याची उपमा आहे, आणि ती अगदी बारकाव्यानं दिलेली : हृदय राजा, फुप्फुस प्रधान, यकृत सेनापती. म्हणजे त्या लोकांचा निसर्ग ताम्हिणीच्या धबधब्यासारखा रम्य वगैरे नव्हता. त्यात पंचांग होतं, पेरणी होती, कालवे आणि धान्याची कोठारं होती. वाहिनी तुंबली की रोग, ही कल्पना कालवा तुंबण्याच्या अनुभवातून आली असावी असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. झाडाला मिठी मारण्याचा तिथं कुठं उल्लेख नाही.

इथं पुण्यातल्या कुठल्याही व्याख्यानात हमखास येणारं एक वाक्य निकालात काढू : 'हे मूळचं आपलंच, बौद्ध भिक्षूंनी तिकडे नेलं.' सुश्रुताची १०७ मर्मं आणि शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, दाखवून हा दावा होतो. पण मर्म म्हणजे जिथं इजा झाली तर धोका, जिथं शस्त्र लागू द्यायचं नाही अशी जागा. चिनी वैद्य सुई टोचतात त्या बिंदूंचं काम नेमकं उलटं. आणि साक्ष द्यायला घरचाच पाहुणा आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस नालंदेत बरीच वर्षं शिकलेला चिनी भिक्षू ईत्सिंग लिहितो की सुई, शेक आणि नाडीपरीक्षा यांत चीनला जंबुद्वीपातल्या कुठल्याही देशानं मागे टाकलेलं नाही. भारतातलं वैद्यक जवळून पाहिलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे. उलट नाडीपरीक्षा, जिला आपण आयुर्वेदाचा प्राण समजतो, ती चरक-सुश्रुतांत नाही. ती शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास येते. ती कुठून आली यावर वाद आहे, आणि त्यात चीनचंही नाव घेतलं जातं. आपली एक सुई मात्र नक्की तिकडे गेली. मोतीबिंदू सारण्याची भारतीय शलाका चीनमध्ये 'सोनेरी सळई' म्हणून गाजली.

पुढची हजारेक वर्षं मी झपाट्यानं ओलांडतो, कारण आपल्या पत्रकाशी त्यांचा संबंध कमी. नाट्य आहे ते नंतर. १८२२ साली दाओग्वांग बादशहानं राजवैद्यकीय संस्थेतून सुई-शेकाचा विभागच बंद केला. राजाच्या अंगाला हे शोभत नाही म्हणून. १९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीनं जुन्या वैद्यकावर टाच आणणारा ठराव केला, त्याविरुद्ध १७ मार्चला शांघायमध्ये वैद्यांचा मोठा मेळावा भरला. जी विद्या आज अखंड परंपरा म्हणून विकली जाते, ती शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्याच घरात हद्दपारीच्या उंबरठ्यावर होती. तिला वाचवलं माओच्या सरकारनं, आणि तेही आत्मिक कारणानं नाही. पन्नास-साठ कोटी लोक आणि डॉक्टर मूठभर, हा हिशेब होता. १९५० च्या दशकात परस्परविरोधी शाखा छाटून, भुताखेतांचा आणि मंत्रांचा भाग काढून टाकून एक नीटनेटका अभ्यासक्रम बांधला गेला. 'पारंपरिक चिनी वैद्यक' ही आजची एकजिनसी वस्तू तेव्हाची. म्हणजे अध्यात्म ज्यांनी काढून टाकलं त्यांच्याच पाठ्यपुस्तकावर मुळशीचं शिबिर अध्यात्म परत चढवतं.

ते चढलं कुठून, हे फ्रान्समध्ये बघावं लागतं. चीनमध्ये वकिलातीत काम केलेल्या जॉर्ज सुलिए द मोराँ यानं १९३० च्या दशकात 'ची' या शब्दासाठी 'ऊर्जा' वापरला आणि वाहिन्यांना 'मेरिडियन' म्हटलं. 'ची'चा जुना अर्थ वाफ, श्वास, हवा यांच्या जवळचा. आपल्या 'वायू'ला जास्त लागून. ऊर्जा म्हटलं की ती भरता येते, साठवता येते, विश्वातून ओढून घेता येते. एका भाषांतरानं केवढं काम केलं!

मराठी माणसाला मात्र चिनी वैद्यक म्हटलं की आठवतात ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. १९३८ साली काँग्रेसनं जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांत दोन महाराष्ट्रातले. कोटणीस तिथंच राहिले, लग्न केलं, शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी अपस्माराच्या झटक्यानं गेले. ते शल्यविशारद होते. सुयांशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते मागाहून. त्यांचे सहकारी बिजॉयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. कोटणीसांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या समितीतून ते पसरलं. लुधियान्यात तर कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे.

१९६२ च्या युद्धानंतर चीनची वाट अवघड झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत भारतातले बरेच जण शिकायला गेले ते कोलंबोला, डॉ. अँटन जयसूर्य यांच्याकडे. त्याआधी १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या जेम्स रेस्टनचं अपेंडिक्स पेकिंगमध्ये काढावं लागलं, नंतरच्या पोटदुखीवर त्याला सुया टोचल्या, त्यानं ते छापलं आणि अमेरिकेत लाट आली. ती लाट फिरून पुण्याला पोचणार होती.

कारण पुण्यात जमीन तयार होती. डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी येऊन राहत. तीच ताडीवाला रस्त्यावरची जागा पुढे बापू भवन झाली आणि १९८६ पासून तिथं राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. गरिबांसाठी असा दवाखाना शहरात काढून उपयोग नाही हे लक्षात आल्यावर गांधीजी मार्च १९४६ मध्ये उरुळी कांचनला गेले आणि तिथला आश्रम मणिभाई देसाईंनी चालवला. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उपास. आपल्याला हे अस्सल देशी वाटतं, पण कटिस्नान लुई कुने या जर्मनाचं, मातीवरचा विश्वास आडॉल्फ युस्ट या दुसऱ्या जर्मनाचा. 'निसर्गाकडे परत चला' ही हाक पुण्यानं ऐकली ती जर्मनीतून, गांधीजींच्या आवाजात.

मग १९७४ साली रजनीश कोरेगाव पार्कात आले. लाओत्से आणि च्वांगत्से या जुन्या चिनी तत्त्वज्ञांवर प्रवचनं सुरू झाली, आणि त्यांच्याबरोबर अमेरिका-युरोपातले थेरपिस्ट आले. श्वासाचे, स्पर्शाचे, आक्रोशाचे नाना प्रयोग. 'डोकं बाजूला ठेव, आतलं ऐक' ही भाषा त्या गल्ल्यांतून पेठांत शिरायला वीस वर्षं लागली, पण शिरली. नाल्याकाठी पुढे उभी राहिलेली बाग तर बांबूच्या सावल्यांसह कुणालाही चीनच वाटावी.

यात भर पडली शेजाऱ्यांची. हातापायांच्या तळव्यांवर बिया चिकटवणारं सुजोक कोरियातलं, पार्क जे वू यांचं, १९८० च्या दशकातलं. रेकी जपानी, १९२२ ची. कानाच्या बिंदूंचा आजचा नकाशा पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टराचा. पाटीवर सगळं 'चायनीज'. तुळशीबागेतले काटेरी लाकडी रोलर विकणाऱ्यानं मला ते तिबेटी असल्याचं सांगितलं होतं, तो वेगळाच पंथ.

कायदा उशिरा आला. नोव्हेंबर २००३ च्या केंद्रीय आदेशानं ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत मानली, महाराष्ट्रानं २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि २०१९ मध्ये केंद्रानं तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. सुजोक, रेकी, अंतःप्रेरणा यांतलं काहीही त्यात बसत नाही, हे शिबिराची फी भरण्याआधी ध्यानात असावं. गुणाचं म्हणाल तर जुन्या दुखण्यांत आणि मळमळीत सुयांनी थोडा आराम पडतो असं चाचण्यांत दिसतं. पण भलत्याच जागी टोचलं तरी जवळपास तेवढाच पडतो. वाहिन्यांच्या नकाशाला हे जड जातं.

औषधांची गोष्ट निराळी आणि जास्त गंभीर. तू यूयू या चिनी संशोधक बाईंनी चौथ्या शतकातल्या को हुंगच्या पोथीत वाचलं की तापावर छिंगहाओ नावाची वनस्पती मूठभर घेऊन पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळण्याचा उल्लेख नाही हे त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ चं नोबेल. ही वनस्पतीही दवण्याचीच बहीण. आणि १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी पुडीत नावाच्या सारखेपणामुळे भलतीच मुळी पडली, शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं गेली. ती मुळी ॲरिस्टोलोकियाची. आपली सापसंद त्याच घराण्यातली. पुडी दिली तर तिच्यात काय आहे ते वनस्पतीच्या नावानिशी लिहून मागावं, सांगणारा कितीही शांत डोळ्यांचा असला तरी.

मावशीला पुडी मिळाली नाही, नुसता शेक मिळाला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "कुंडीतला दवणा आहे की घरी, मीच देईन शेक." मी सांगितलं, त्याला वेगळी जात लागते, पानांवरची लव कांडून घ्यावी लागते आणि पाला जुना हवा. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस म्हणून गेलाय, सात वर्षांच्या दुखण्याला तीन वर्षांचा पाला शोधत फिरतात, वेळेवर साठवला नाही तर जन्मभर मिळायचा नाही.

"मग आजच वाळत घालते," मावशी म्हणाली.