काकांची कावीळ आणि हृदयाची गोळी

काकांनी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारली, तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली. इंदूरात जन्म गेलेला माणूस पोहे नको म्हणतो म्हणजे काहीतरी बिनसलंय. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवून पाच आठवडे झाले होते. छातीत दुखत नव्हतं, पण तळहातांना खाज सुटायची आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद व्हायची. रक्त तपासलं तर यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी आणि काविळीत वाढणारं बिलिरुबिन, दोन्ही वाढलेले.

रोजच्या गोळ्या तीन: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलसाठीचं स्टॅटिन, अटॉरव्हास्टॅटिन. क्लोपिडोग्रेलला घरोघरी ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणतात. खरं तर रक्त पातळ होत नाही, प्लेटलेट्स, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तकणिका, एकमेकींना चिकटेनाशा होतात, एवढंच. गंमत अशी की, ही गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. तिचा सुमारे ८५ टक्के भाग मोडून वायाच जातो आणि उरलेल्यातून यकृत दोन टप्प्यांत खरं औषध तयार करतं. फार क्वचित एखाद्याच्या यकृताला तीच सोसत नाही. मात्रा नेहमीचीच असली तरी हे होऊ शकतं, आणि बहुधा पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होतं.

मग दोष कोणाचा हे कसं ठरवायचं? नेमकं बोट ठेवणारी एकही चाचणी नाही. डॉक्टरांनी हिपॅटायटिसच्या चाचण्या केल्या, सोनोग्राफीत पित्ताचे खडे आहेत का ते पाहिलं, दोन्हींत काही निघालं नाही. मग विचारलं, “घरचं काही घेता का?” काकू हळूच म्हणाल्या, “गिलोयचा, म्हणजे गुळवेलीचा काढा.” तोही त्याच दिवशी बंद झाला, कारण गिलोयने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याकडेच आहेत. स्टॅटिनही संशयातून सुटत नव्हतं, तेही तूर्त थांबवलं.

काका तर सगळ्याच गोळ्या फेकून द्यायला निघाले होते. माझ्या मते खरा धोका तिथे होता. नवा स्टेंट असताना प्लेटलेट्सवरची गोळी अचानक सोडली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन झटका येऊ शकतो. यकृताचा बिघाड गंभीर नव्हता, म्हणून डॉक्टरांनी खंड न पाडता क्लोपिडोग्रेलऐवजी प्लेटलेट्सवरचंच दुसरं औषध, टिकाग्रेलॉर, सुरू केलं. त्याला यकृताने आधी जागं करावं लागत नाही. अ‍ॅस्पिरिन तसंच चालू राहिलं.

आकडे उतरायला सहा आठवडे लागले. पुढे स्टॅटिन पुन्हा सुरू केलं, तरी ते वाढले नाहीत. क्लोपिडोग्रेल मात्र पुन्हा देऊन पाहिलं नाही. तसं केल्यास कावीळ लवकर परत येऊ शकते. काकांच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईत आता त्याचं नाव आहे, आणि तशीच चिठ्ठी काकूंच्या पर्समध्ये.